सतराव्या पाटीचं पाणी

बाईंच्या उसाच्या वाणाला संशोधन केंद्रात सगळे ‘सतरा नंबर’ म्हणत. बारा वर्षं तिथे घासल्यावर कमी पाण्यावर तगणारा हा एकच वाण त्यांना साधला होता, आणि ही त्याची शेवटची चाचणी होती. नव्वद दिवस पाण्याचा थेंब द्यायचा नाही, मग तोडून वजन करायचं. नापास झाला की कायमचा बाद. शर्यतीत केंद्रप्रमुख साहेबांचाही लाडका वाण होता, आणि साहेब म्हणजे निकालाआधीच गळ्यात हार घालून फिरणारा माणूस.

घरी सासरे रोज टोमणा मारायचे, “ऊस वाळवायचा पगार मिळतो म्हणे!”

तोडणीच्या सकाळी तेच सासरे मान खाली घालून बांधावर उभे राहिले. असं दृश्य बाई लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होत्या.

“सूनबाई, रागावू नकोस. तुमची माणसं जेवायला गेली की मी सतरा नंबरच्या पाटीपाशी पाइप सोडायचो. बघवेना गं, तुझा ऊस तहानेनं सुकत चाललेला.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. बारा वर्षं चुलीत गेली! त्यांना संताप आला आणि रडूही आलं, कारण घरात कुणाला त्यांच्या उसाची कणव येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग त्यांची ट्यूब पेटली. पाटीवर नंबर असतो तो प्लॉटचा, वाणाचा नव्हे. पक्षपात नको म्हणून कुठला वाण कुठे लावायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. त्यांनी घाईघाईनं नकाशा उघडला. सतराव्या प्लॉटमध्ये साहेबांचा लाडका!

दुपारी वजनं झाली. चोरून पाणी ढोसूनही लाडका बाईंच्या तहानलेल्या उसापुढे उणाच भरला. बाईंनी नोंदवहीत खरं ते लिहिलं, कुणी पाणी दिलं तेही. चाचणी रद्द करायची तर पाणी पिऊनही आपण हरलो हे साहेबांना वर कळवावं लागणार होतं.

साहेबांनी घाम पुसला. “एवढंसं तर पाणी, बाई! खोडा ती ओळ.”

“नाही खोडणार, साहेब. घरातून माझ्या कामाला हातभार लागल्याची ही पहिलीच नोंद आहे.”

वर कळवण्यापेक्षा हे बरं म्हणून साहेबांनी ओळीसकट सही ठोकली. सतरा नंबर पास.

सासरे बांधावर ताटकळत होते. “झाला ना पास? माझं पाणीच कामी आलं बघ!”

“हो ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी नकाशा घडी करून पर्समध्ये टाकला.