ठाण्याच्या विहिरीला कुलूप

केरबा सकाळी गेला. आदल्या दुपारी तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. "पोरी, पोटात लई कालवून राहिलं," म्हणत समाजमंदिराच्या ओसरीत आडवा झाला, आणि उजाडेपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. चांगुणा त्याचं मनगट धरून बसली होती. नाडी हाती लागेना, तरी तिनं ते मनगट बराच वेळ सोडलं नाही. शेजारी त्याची बायको नागुबाई बसलेली. तिनं पदर तोंडात धरला होता.

चांगुणा सरकारी दवाखान्यात नर्स होती. माहेर जळकोटचं, नर्सिंग शिकली नांदेडला, आणि नोकरी लागल्यावर लातुरात भीमनगरात साहेबरावमामाकडे राहायला आली. जुलाब-उलट्यांच्या साथीनं दवाखान्यात खाटा उरल्या नव्हत्या, म्हणून वस्तीतले रोगी वस्तीतच ठेवून सलाईन लावायला डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. ओसरीत आता पाच-सहा जण पडले होते. त्यांतली एक तिची मामी, पारूबाई.

लातूर जिल्हा होऊन दुसरा उन्हाळा चालू होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले, गल्लोगल्ली भाडेकरू भरले. पाऊस मात्र आला नव्हता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही वरच्या गल्ल्यांना. भीमनगरातल्या बायकांना उरली होती ती ठाण्याची विहीर. निजामाच्या राज्यात पोलीस ठाण्यासाठी बांधलेली, दगडी, खोल. ठाणं कधीच पडलं, विहीर कमानगल्लीच्या तोंडाशी राहिली, आणि कमानगल्ली तिला आपलीच समजत आली. चैत्रात साहेबरावमामानं तहसीलसमोर बसून, लाठ्या खाऊन, ती सगळ्यांना खुली करून घेतली होती.

त्याच विहिरीचं पाणी पिऊ नका, असं आता चांगुणाला सांगायचं होतं.

"मामा, जे जे पडले ते सगळे ठाण्याच्या विहिरीचं पीत होते," ती म्हणाली. "पाणी बिघडलंय. आजपासून तिथली घागर बंद करा."

साहेबरावमामा बायकोच्या पायथ्याशी बसला होता. त्यानं मान वर केली. "हे तू बोलून राहिलीस?"

"कुणी तरी बोलाया पाहिजे."

"सकाळपासून कमानगल्ली हेच बोलून राहिली. भीमनगराच्या घागरी लागल्या म्हणून पाणी नासलं म्हणतात. तो रेणुकादास मास्तर कुलूप घेऊन यायचाय. एकदा कुलूप लागलं की तुझ्या-माझ्या हयातीत ते निघायचं न्हाई. आणि सरकारी नर्स म्हणणार, कुलूप लावा. आमचीच लेक."

"मी कुलूप लावा म्हणत न्हाई. पिऊ नका म्हणते."

"मग काय पिऊ? थुंकी?"

पाण्याचा नमुना तपासणीसाठी नांदेडला गेला होता. तिथून काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, थांबा. इकडे मामीचे ओठ कोरडे पडले होते. चांगुणानं सलाईनची बाटली बदलली, नागुबाईजवळ दोन बाया बसवल्या आणि पिशवी उचलून कमानगल्लीकडे निघाली. तिथंही रोगी होते. तिथं जाणंही तिचंच काम होतं.

रेणुकादास मास्तरांचं घर विहिरीसमोरच. त्यांची म्हातारी आई माजघरात निपचित पडली होती. मास्तर बाहेर गेले होते, गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला. दार उघडलं त्यांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी. त्याही शाळेत शिकवायच्या. म्हातारीची शीर सापडता सापडेना. चांगुणानं गुडघ्यावर बसून, श्वास रोखून सुई घातली. बाटलीतून थेंब पडू लागला तेव्हा सौदामिनीबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"सिस्टर, आम्ही विहिरीचं पीत नव्हतो. पण नळ आला नाही, प्यायचं संपलं, आणि सासूबाईंना दम धरवेना..."

"कधीपासून वापरता?"

"परवापासून." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "एक विचारू? संडासाचा खड्डा कधीच भरत नाही, असं असतं का?"

चांगुणा वळली.

"वर भाडेकरू आले ना, कलेक्टर कचेरीतले, तीन बिऱ्हाडं. त्यांच्यासाठी यांनी परसात नवा संडास बांधला. गवंडी म्हणाला होता, दोन महिन्यांत खड्डा उपसावा लागेल. सहा महिने होत आले. खड्डा कोरडाच. मी यांना विचारलं तर म्हणाले, बरंच झालं की."

दोघी परसात गेल्या. संडासाची भिंत जिथं संपत होती तिथं माती खचली होती, आणि जमिनीखाली जाणारी एक जुनी दगडी नाली दिसत होती. ठाण्याच्या वेळची, बुजलेली, कुणाच्या ध्यानात नसलेली. गवंड्यानं खड्डा खोदताना ती बहुधा फोडली असावी. नालीचं तोंड गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कमानीच्या दिशेनं होतं, आणि कमानीखाली ठाण्याची विहीर.

"हे नुसतं बोलून कुणाला पटायचं न्हाई," चांगुणा म्हणाली. "तुमच्या घरात मी बोट दाखवलं तर उद्या दंगल होईल."

"मग कसं पटेल?"

"रंग टाकून. नांदेडला शिकताना आम्हाला दाखवलं होतं. संडासात रंग ओतायचा, वर भरपूर पाणी. नाली फुटकी असंल तर रंग विहिरीत उतरतो. पण पाणी लागतं. लई लागतं."

सौदामिनीबाईंनी न्हाणीघराकडे पाहिलं. तिथं दोन पिंपं भरलेली होती, अख्ख्या घराचं आठवड्याचं न्हाण्याधुण्याचं पाणी. मग पदर खोचून म्हणाल्या, "धोंडप्पा रंगाऱ्याकडून काय आणायचं ते आणा. हे घरी यायच्या आत."

चांगुणा धोंडप्पाकडून लुगड्यांना लावायचा गुलाबी रंग घेऊन आली. बादली बादली करत दोघींनी दोन्ही पिंपं संडासात रिकामी केली. गुलाबी पाणी गुडगुड करत खाली जात होतं, आणि खड्डा काही भरत नव्हता. सौदामिनीबाईंचे हात कोपरापर्यंत रंगले. पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता नळ येईपर्यंत आम्हीही तुमच्यासारखेच."

उन्हं कलली तशा बायका विहिरीवर जमल्या. चांगुणा रहाटापाशी उभी राहिली. "पाणी काढा, पण कुणी तोंडाला लावू नका. आधी मला दाखवा." कमानगल्लीच्या सरजाबाई पुटपुटल्या, "ही कोण सांगणार?" भीमनगरच्या पोरींनी घागरी खाली टेकवल्या, सकाळी त्यांनी केरबाला पाहिलं होतं.

पहिली बादली आली. नितळ. दुसरी आली, तीही नितळ. पाणी दुसरीकडेच मुरत असेल तर? घरातलं पाणी संपवलं, हाती काहीच नाही, आणि वर तिच्याच तोंडचं 'पिऊ नका'.

तेवढ्यात रेणुकादास मास्तर आले. मागं गल्लीतले दहा-बारा जण, हातात जाड साखळी आणि कुलूप. आणि दुसऱ्या बाजूनं साहेबरावमामा आला, भीमनगरची माणसं घेऊन. केरबाला मातीत ठेवून ते सरळ इकडेच आले होते. पाय अजून धुळीचे होते.

"सिस्टर स्वतः म्हणाल्यात पाणी खराब आहे," मास्तर मोठ्यानं बोलले. "माझी आई मरायला टेकली आहे. विहीर बंद."

"लावून दाखव," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही.

मास्तरांनी साखळी रहाटात अडकवायला हात पुढं केला. मामानं साखळीचं दुसरं टोक धरलं. कुणीतरी दगड उचलला. चांगुणा दोघांच्या मधे शिरली. साखळी तिच्या छातीला रुतली.

"मामा, थांब. मास्तर, थांबा. अजून एक बादली. तेवढंच मागते."

"किती बादल्या बघायच्या?" मास्तर म्हणाले.

कुणी दोराला हात लावेना. तेव्हा नागुबाई पुढं आली. ती भीमनगरच्या माणसांमागोमाग आली होती. तिनं बादली सोडली, दोर खेचला, बादली काठावर ठेवली आणि मागं सरकली.

पाणी गुलाबी होतं. गडद नव्हे, फिकट, नव्या लुगड्याचं पहिलं धुणं असावं तसं.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"आपल्या संडासाचं पाणी," मागून आवाज आला. सौदामिनीबाई दारातून खाली उतरून आल्या होत्या. त्यांनी रंगलेले हात लपवले नाहीत. "मी ओतलं. आपला नवा संडास जुन्या नालीत सुटलाय, आणि नाली या विहिरीत."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग कळलं, आणि भीमनगरची माणसं एकदम मास्तरांच्या घराकडे वळली. पहिला दगड खिडकीवर बसला. भाडेकरूंनी धाडधाड दारं लावून घेतली.

चांगुणा धावत जाऊन उंबऱ्यात उभी राहिली. "आत म्हातारी हाय! माझी सुई तिच्या हातात हाय. तिनं पण हेच पाणी प्यालंय. मारायचं तर आधी मला मारा."

"सरक, चांगुणा," मामा म्हणाला.

"न्हाई सरकत."

मामा तिच्याकडे बघत राहिला. समाजमंदिराच्या ओसरीत पारूबाई पडली होती, तीही चांगुणाच्याच सुईवर. मग तो माघारी फिरला, मास्तरांच्या हातातली साखळी आणि कुलूप घेतलं, आणि त्यांच्यासमोर धरलं.

"हे घ्या. आता विहिरीला नको. संडासाला लावा."

मास्तरांचा हात पुढं आला नाही. कुलूप सौदामिनीबाईंनी घेतलं. सगळ्यांच्या देखत त्या परसात गेल्या. साखळी ओढल्याचा, कुलूप बसल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, गुलाबी बादली पाहिली आणि टँकरसाठी स्वतः कलेक्टर कचेरीत जाऊन बसले. नाली उकरून सिमेंटनं बुजवली, विहीर उपसली, दोनदा औषध टाकलं. नांदेडचा अहवाल आला तोवर नवं पाणी साठलंही होतं. पारूबाई उठून बसली. मास्तरांची आई वाचली, पण मास्तर कित्येक दिवस बायकोशी बोलले नाहीत. विहिरीला कुलूप पडलं नाही. कमानगल्लीतल्या काही घरांनी मात्र पुन्हा तिथली घागर भरली नाही. कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं.

विहीर सुरू झाली त्या दिवशी चांगुणा नागुबाईकडे गेली. नागुबाई चुलीपुढं बसली होती, घागर रिकामी.

"चल, मावशी. पाणी चांगलं झालंय. मी पिऊन बघितलं."

"चांगलं झालं," नागुबाई म्हणाली. "तो पडला त्याच्या आदल्या दिशी मीच आणलं व्हतं ते पाणी. माझ्या हातानं दिलं त्याला."

चांगुणाजवळ याला औषध नव्हतं. ती तिच्याशेजारी मातीत बसली. मग नागुबाईनं डोळे पुसले, घागर काखेला घेतली आणि म्हणाली, "तू हो पुढं. मी येते मागनं."

चांगुणा पुढं गेली नाही. ती तिच्या सोबतच चालली.