पट्टा काढलेली मशीन

मित्रांनो, श्रीरामपुरातल्या एका लहानशा थेरपी केंद्राच्या पहिल्या खोलीत, खिडकीपाशी, एक काळी लोखंडी शिलाई मशीन ठेवलेली आहे. पायाने चालवायची. ती मी. माझ्यात सुई नाही, दोरा नाही, चाकावर पट्टासुद्धा नाही. नवीन आलेली माणसे मला बघून हटकून विचारतात, "हे भंगार इथं कशाला ठेवलंय?" आता भंगार म्हणवून घ्यायचे माझे वय झाले आहे हे खरे, पण ते म्हणण्याआधी माझी हकिकत ऐकून घ्या.

माझा जन्म दूर लुधियानातल्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, त्यावर काळा चकचकीत रंग आणि रंगावर सोनेरी वेलबुट्टी. रेल्वेने मी श्रीरामपूरला आले आणि तिथून हातगाडीवर बनाबाईच्या घरी. हातगाडीवाला खड्डे चुकवत नाही म्हणून बनाबाई वाटभर त्याच्याशी भांडत होती आणि मला दोन्ही हातांनी धरून चालत होती.

तिने मला तीस वर्षे चालवले. चौदा एप्रिल जवळ आला की आमचे घर पांढऱ्या कापडाने भरून जाई. पोरांचे पांढरे सदरे, बायकांची पांढरी पोलकी, म्हाताऱ्यांचे पायजमे. जयंतीच्या मिरवणुकीत अर्धी गल्ली माझी शिलाई अंगावर घालून चालायची. "बनाबाईची शिवन उसवत न्हाई," असे लोक म्हणायचे आणि मी आतल्या आत फुलून जायचे.

पुढे बनाबाईची नजर कमी झाली. सुईत दोरा जाईना. तेव्हा तिने मला सुनेच्या हवाली केले. सून म्हणजे वृषाली, टेम्पो चालवणाऱ्या तुषारची बायको.

वृषालीसारखा हात मी पाहिला नाही. एकदा तिने लेकीसाठी, छोट्या संस्कृतीसाठी, झालरीचा फ्रॉक शिवायला घेतला आणि जेवणखाण विसरून एका बैठकीत उभा केला. बनाबाईसुद्धा तो उलटसुलट करून बघत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तीच वृषाली एक बाही लावून दूध बघायला उठे, दुधाच्या वाटेवर तिला कपडे वाळत घालायचे आठवे, कपडे घालता घालता कुणाशी तरी बोलत ती कोपऱ्यापर्यंत जाई. इकडे दूध उतू गेलेले आणि बाही माझ्या सुईखाली तशीच. घरात सात कात्र्या होत्या. कामाच्या वेळी एकही सापडायची नाही.

एके दिवशी शेजारच्या भागूबाई पोलकी न्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचे लग्न होते. सहा पोलकी होती आणि सहाच्या सहा अर्धवट.

"अगं, नवरीनं एकच बाही घालून हार घालायचा का?" भागूबाई दारातूनच ओरडल्या. "तुला जमत न्हाई तर कापड घेतीस कशाला?"

भागूबाई पोलकी उचलून दुसरीकडे गेल्या. वृषालीने माझ्यावर एक पोतं टाकले आणि सासूला म्हणाली, "आत्या, माझं डोकंच फुटकं हाय. धाव्वीला गणितात दोनदा नापास झाले ते उगाच का? अर्ध्या तासात पेपर टाकून उठले हुते मी. बसवेचना."

"चित्त थाऱ्यावर नको का," बनाबाई म्हणाली. "आळस, दुसरं काय."

त्या पोत्याखाली मी दोन वर्षे होते. सांधे गंजले. सोनेरी वेलबुट्टीवर धूळ बसली. उंदराने माझ्या खणात घर केले.

दरम्यान संस्कृती तिसरीत गेली. वर्गात ती जागेवर टिकायची नाही. खिडकीतल्या चिमण्या मोजायला उठायची, बाई प्रश्न पूर्ण विचारायच्या आत उत्तर द्यायची आणि वहीत मात्र दीड ओळ. शेवटी शाळेने वृषालीला बोलावून सांगितले, "हिला दुसरीकडं घाला. बाकीच्या मुलांना त्रास होतो."

घरी तुषार म्हणाला, "मुद्दाम करती. दोन रट्टे दिले की बसंल."

बनाबाई म्हणाली, "आईवर गेलीय."

मित्रांनो, पोत्याखालून मला वृषालीचा चेहरा दिसत नव्हता. पण तिचा आवाज मी ऐकला. ती म्हणाली, "आईवर गेली असंल तर तिला माझ्यासारखं होऊ देनार न्हाई मी." दुसऱ्याच दिवशी ती लेकीचा हात धरून लीना मॅडम चालवतात त्या थेरपी केंद्रात, म्हणजे आज मी आहे तिथेच, गेली. तिथे नगरहून महिन्यातून दोनदा एक डॉक्टर यायचे. त्यांनी मुलीला दोन-तीन वेळा तपासले, शाळेकडून माहिती मागवली आणि सांगितले, "हिला एडीएचडी आहे. ही खोडकर नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि शरीर थांबवणं, हे हिच्या मेंदूला अवघड जातं. योग्य मदत मिळाली की ती छान शिकेल."

मग एका दुपारी लीना मॅडम आमच्या घरी आल्या. मुलगी घरी कुठे बसते, कशी बसते, ते त्यांना पाहायचे होते. वृषालीने संस्कृतीला पाटापुढे बसवले. पोर चार वेळा उठली आणि पाचव्यांदा दिसेनाशी झाली. सगळे शोधू लागले, तेवढ्यात मागच्या खोलीतून खडखड ऐकू आली.

ती माझ्याकडे आली होती! तिने पोतं ओढून फेकले, स्टुलावर चढली आणि दोन्ही पाय माझ्या पायडलवर ठेवून मला चालवू लागली. दोन वर्षांनी माझे चाक फिरले. आणि फिरत्या चाकाबरोबर ती सतराचा पाढा म्हणत होती.

"उतर खाली! सुई लागंल!" वृषाली हात उगारून धावली.

लीना मॅडमनी तो हात अलगद धरला. "थांबा. ऐका जरा."

"सतरा नव्वे एकशे त्रेपन्न, सतरा दाहे एकशे सत्तर!" पाढा संपला. एकही चूक नव्हती. त्या पोरीने आयुष्यात एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर बसून केली होती, ती ही पहिली.

"तिचे पाय थांबवले की डोकं सगळं बळ पाय थांबवण्यातच घालवतं," लीना मॅडम म्हणाल्या. "पाय चालू द्या. हिला इथंच अभ्यासाला बसवा. फक्त सुई काढा आणि पट्टाही काढा."

तुषारने पक्कड आणली. पट्टा निघाला तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला रडू आले. पट्ट्याशिवाय मी कसली मशीन? माझे वरचे चाक आता फिरणार नव्हते, एक टाकासुद्धा पडणार नव्हता. पण त्याच संध्याकाळी संस्कृतीने माझ्या फळीवर वही ठेवली. मी खाली पाय सांभाळत होते, वर तिची पेन्सिल चालली होती. दर दहा मिनिटांनी एक छोटी सुट्टी आणि प्रत्येक पूर्ण पानाला शाबासकी, असे ठरले होते. पहिल्या दिवशी तीन पाने झाली. तुषारने ती पाने मोबाईलवर काढून आपल्या सगळ्या टेम्पोवाल्या मित्रांना पाठवली.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट घडली. लीना मॅडम वृषालीला मुलीबद्दल प्रश्न विचारत होत्या. सुरू केलेलं काम अर्धवट सुटतं का? वस्तू हरवतात का? समोरच्याचं बोलणं तोडून मध्येच बोलते का? वृषाली उत्तरे देता देता थांबली.

"मॅडम, हे तुमी पोरीचं इचारताय का माझं?"

लीना मॅडमनी कागद खाली ठेवला. "तुम्हाला काय वाटतं?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वृषालीलाही तपासले. तिची शाळा, तिचे बालपण, सगळे विचारले. तिलाही तेच होते. लहानपणापासून होते. एकतीस वर्षांत कुणी विचारलेच नव्हते. डॉक्टरांनी तिला रोजची एक गोळी दिली आणि वरचेवर तपासणीला बोलावले. ते म्हणाले, गोळी चष्म्यासारखी असते, वाचायचे मात्र आपल्यालाच.

घरी येऊन लीना मॅडमनी हे बनाबाईला समजावून सांगितले. म्हातारी पदराचे टोक चाळवू लागली.

"म्हंजे ही आळशी न्हवती?"

"नाही, आजी."

"मंग मी बारा वर्सं कुनाला बोलले?" बनाबाई म्हणाली. ती उठून सुनेजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वृषाली तिच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली.

त्यानंतर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावी! दुपारी संस्कृती शाळेत गेली की ती माझ्यापुढे बसायची. एका वेळी एकच पुस्तक फळीवर, मोबाईल शेजारच्या खोलीत, मोठा धडा असला की त्याचे चार तुकडे आणि झालेल्या तुकड्यावर भिंतीवर खडूची फुली. हे सगळे केंद्रात शिकवलेले. तरी कधी कधी तिचे मन सुटायचेच. मग लीना मॅडमनी बनाबाईला कामाला लावले.

"आजी, ती अभ्यास करेल तेव्हा तुम्ही शेजारी बसायचं."

"मला वाचाया येत न्हाई. मी काय करू?"

"काही करू नका. नुसत्या बसा. कुणी जवळ असलं की मन जागेवर राहायला मदत होते."

"आयुष्य गेलं, पर नुसतं बस म्हननारी पहिली तूच भेटलीस बाई," बनाबाई हसत म्हणाली. आणि ती बसली. आठ महिने, रोज. ज्या तोंडाने तिने सुनेला आळशी म्हटले होते, ते तोंड घट्ट मिटून ती तांदूळ निवडत बसायची. वृषाली उठायला लागली की फक्त डोळ्यांनी विचारायची, कुठं? वृषाली हसून परत पायडलवर पाय ठेवायची.

मार्चमध्ये गणिताचा पेपर आला. त्या दिवशी काय घडले ते तिने घरी येऊन स्टुलावर बसून सांगितले, म्हणून मला माहीत. अर्धा तास झाला आणि तिचे अंग उठायला लागले. हात पेन ठेवायला निघाला. पंधरा वर्षांपूर्वी ती इथेच उठली होती. तिने चपला काढल्या आणि बाकाखाली पाय हलवायला सुरुवात केली. टाच, चवडा. टाच, चवडा. जणू खाली मीच होते. उदाहरणाचे तुकडे केले, एक तुकडा सोडवला, मग दुसरा. घंटा कधी झाली ते तिला कळलेच नाही.

"आत्या, सुपरवायझर बाई म्हनल्या, अहो ताई, सोडा आता पेपर! वढून घ्यावा लागला माझ्या हातनं. माझ्या हातनं पेपर वढून घ्यावा लागला!"

ती दोन्ही हात वर करून घरभर नाचत होती. निकाल लागायचा होता, पण आमच्या घरात त्या दिवशीच ती पास झाली.

निकालाच्या दुपारी मोबाईलवर पान उघडेना. तुषार गच्चीवर चढला, संस्कृती त्याच्या मागे. मग वरूनच तिचा आवाज आला, "आई पास! गणितात एकसष्ट!" बनाबाईने पहिल्यांदा विचारले, "शंभरातले का?" आणि हो म्हटल्यावर ती काठी न घेता दारापर्यंत गेली आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगू लागली. गल्लीत कुणीतरी हलगी काढली. भागूबाई आल्या त्या दोन्ही हातांनी वृषालीचा चेहरा धरून म्हणाल्या, "चुकलं गं माझं." संस्कृती त्या वर्षी नव्या शाळेत चौथीत गेली होती. तिथल्या बाई तिला फळा पुसायला, वह्या वाटायला उठवायच्या, म्हणजे उठणेही कामाचे होई. तिच्या सगळ्या वह्या पूर्ण होत्या.

वृषाली आता अकरावीला आहे आणि घरी मोटारवर चालणारी शिलाई मशीन चालवते. ज्या दिवशी ती केंद्रात पालकांपुढे पहिल्यांदा स्वतःची हकिकत सांगायला उभी राहिली, त्या दिवशी तिने मला टेम्पोत घालून सोबत आणले. बनाबाईनेच सांगितले होते, "मशिनीला घरात कोंडून ठिवू नका. तिकडं लई पाय वाट बघत असत्याल."

खरोखरच वाट बघत होते. मुले येतात, मोठी माणसेही येतात. पुणतांब्याचे काकासाहेब नातवाला घेऊन आले होते. पन्नाशी ओलांडलेले शेतकरी. वृषालीचे बोलणे ऐकताना ते पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेत आले आणि म्हणाले, "ताई, नातवाचं र्‍हाऊ द्या. आधी माझं बघा."

मित्रांनो, मला तेल घाला, धूळ पुसा, एवढे मी मागतेच. जुन्या वस्तूचे तेवढे तरी चालवून घ्या. पण खरे मागणे दुसरे आहे. तुमच्या वर्गात एखादी मुलगी जागेवर बसत नसेल, घरात एखादे मोठे माणूस प्रत्येक काम अर्धवट सोडत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा विचारा, तुला काय अवघड जातं? आणि जाणत्या माणसाकडे घेऊन जा. तेही जमले नाही, तर निदान शेजारी नुसते बसा.

आता मी थांबते. काकासाहेब स्टुलावर बसले आहेत, त्यांचे दोन्ही पाय माझ्या पायडलवर आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते वर्तमानपत्राचे पान वरपासून खालपर्यंत वाचत आहेत. शेवटचा रकाना आलाय. आवाज करू नका.