तब्येत स्टेबल

मार्च २०२० मध्ये कोरोना झालेल्या अश्वजितला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा त्याच्या बायकोला, प्रणिताला, नियम सांगितला गेला: भेट नाही, रोज सकाळी अकराला फक्त एक फोन. पहिल्या दिवशी नर्स म्हणाली, 'स्टाबील', म्हणजे स्टेबल. दुसऱ्या दिवशी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला, तरी 'स्टाबील'च. चौथ्या दिवशी खाटा संपल्या आणि त्याला सीमेपलीकडे जर्मनीत हलवलं. तिथली नर्स म्हणाली, 'श्टाबील'. देश बदलला, भाषा बदलली, विशेषण काही हललं नाही. प्रणिताला त्या शब्दाचा इतका संताप यायचा की फोन ठेवून ती धुतलेली भांडी परत घासायला काढायची.

आणि तरी नागपूरला सासूबाईंना ती तोच शब्द ऐकवायची. स्टेबल आहे, झोपलाय, घसा बसलाय. रोज नवी थाप. व्हेंटिलेटरबद्दल अवाक्षर नाही. थाप तरी कुणाला मारावी, तर सरकारी रुग्णालयात तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून राबलेल्या ललिताबाईंना! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

नवव्या दिवशी अकराचा फोन आलाच नाही. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारून प्रणिताचे पाय दुखायला लागले. बाराला फोन वाजला, तो नागपूरचा.

"आई, स्टे..." प्रणितानं सुरुवात केली.

"हा शब्द मी हजार नातेवाइकांना दिलाय गं, वॉर्डाच्या दारातून हलवायला," ललिताबाई म्हणाल्या. "नळी कधी घातली?"

"दुसऱ्याच दिवशी," म्हणत प्रणिता हमसून हमसून रडली. ललिताबाईंनी सगळं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. आपण एका माणसाला तरी सांभाळतोय एवढा आधार सुनेला असू दे, म्हणून त्या गप्प होत्या. मग त्यांनी तिला कागद घ्यायला लावला आणि काय काय विचारायचं ते एकेक करून लिहून घ्यायला सांगितलं.

साडेबाराला जर्मनीचा फोन आला. नर्स 'श्टाबील' म्हणून थांबली, तशी प्रणितानं कागदावरचं एकेक इंग्रजीत विचारलं. मशीनमधून काल ऐंशी टक्के ऑक्सिजन द्यावा लागत होता, आज साठ पुरला. श्वासासाठी रोज पालथं झोपवायचे, आज तेही लागलं नाही.

तिनं ते जसंच्या तसं नागपूरला सांगितलं. पलीकडून हुंदके ऐकू आले.

"परत सांग," ललिताबाई म्हणाल्या.

"साठ, आई."