सगळ्यांच्या आधी उठणारा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. वजन म्हणाल तर तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोहूनही कमी. मी एक जुना फर्मवेअर आहे, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटासा प्रोग्राम. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत राहतो. तिथे संगणकाच्या पोटात प्रोग्रामने उभे केलेले दुसरे संगणक चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमच्या मशिनी रिस्क-फाइव्ह नावाच्या प्रोसेसरच्या जातीच्या. त्यांना जागं करायचं आणि लिनक्स नावाच्या कारभाऱ्याच्या हाती कारभार सोपवायचा, हे माझं काम.

कंपनीतले जुने इंजिनिअर कृष्णाजी अण्णा, त्यांनी मला इथे बसवलं. पडद्यावर माझ्या ओळी पहिल्यांदा उमटल्या, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मजल्याला म्हैसूरपाक वाटला. पुढे अण्णा निवृत्त झाले. कौतुक सगळं लिनक्सचं होऊ लागलं. मी हिरमुसलो, खोटं कशाला बोलू?

मग शिकाऊ म्हणून संयोगिता आली. मुलगी गुणी, पण टापटिपीचा भारी सोस! एके दिवशी अकरा वाजता पाहुण्यांसमोर तिची मशीन चालली, तरच नोकरी पक्की होणार होती. मशीन लवकर उठावी म्हणून तिने सकाळी सेटिंगमधलं माझं नाव खोडलं आणि तिथे 'काही नको' असं लिहून टाकलं. झालं! पडदा काळा ठिक्कर. दहा वाजले, साडेदहा वाजले. शेवटी तिने यशवंतपूरला अण्णांना फोन लावला.

"अण्णा, लिनक्स उठतच नाहीये हो!"

"स्वल्प थांब, पोरी. त्याच्या आधी कोण उठतो?"

"तो जुना? तो मी काढला. काही करत नव्हता ना!"

"अगं, लिनक्सची अर्धी कामं तोच करून देतो. परत ठेव, सगळं सरी होईल, ठीक होईल." मग अण्णा म्हणाले, "चूक माझीच. तो कशाला आहे, ते मी कधी लिहूनच ठेवलं नाही."

तिने मला परत ठेवलं. पडद्यावर आधी माझ्या ओळी आल्या आणि पाठोपाठ लिनक्स ऐटीत आला. संयोगिताला रडू आवरेना, आणि मला तिचा इतका लळा लागला की विचारू नका.

नोकरी पक्की झाली. संध्याकाळी मशीन बंद करण्यापूर्वी तिने सेटिंगमध्ये माझ्या नावाशेजारी लिहिलं, 'याला काढू नका. हा उठला नाही, तर कोणीच उठत नाही.' मग बंद करण्याचा हुकूम नेहमीप्रमाणे लिनक्समार्फत माझ्याकडेच आला. दिवा मालवणाराही मीच!

मित्रांनो, तुमच्या घरीही सगळ्यांच्या आधी उठणारं कोणीतरी असेलच. त्यांच्या नावाशेजारी अशी एक ओळ लिहायची राहिली असेल, तर आजच लिहा.