भोंग गुरुजींचा हयातीचा दाखला

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो दिला नाही तर पेन्शन थांबते.

अनिता इंदापूरला सरकारी कार्यालयात लिपिक होती. तिच्या बहुतेक रजा वडिलांच्या आजारपणात, बारामतीच्या दवाखान्यात संपल्या होत्या. उरलेली अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्यांना घेऊन निमगाव केतकीच्या बँकेत आली. जेवणाच्या सुट्टीनंतर तिला टेबलावर परत बसायचं होतं.

वडील म्हणजे भोंग गुरुजी, घरातले आबा. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला. जेवता का? हजर. दुखतंय का? हजर. रोज संध्याकाळी अनिता त्यांना त्यांचंच नाव शिकवायची, पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं. आधी 'आ', मग 'बा'. आबा तिच्या ओठांकडे नीट बघायचे आणि हजर म्हणायचे.

बँकेतला अधिकारी नवा होता. "सही होत नसेल तर अंगठा चालेल," तो म्हणाला. "पण नाव त्यांनी स्वतः सांगावं. माणूस तोच आहे, हे मला कळायला नको का?"

"हजर," आबा म्हणाले.

"ते एवढंच बोलतात," अनिता म्हणाली. "तुम्ही हजेरी घेतल्यासारखं नाव पुकारा."

"आबासाहेब भोंग?"

"हजर."

अधिकाऱ्याला बरं वाटलं. तरी खात्रीसाठी त्याने भलतंच नाव घेतलं. "जोतीराम भोंग?"

"हजर."

अनिताने मान खाली घातली. हजेरी घेणारा गुरुजी स्वतः कधी हजर म्हणत नाही. तो शब्द मुलांचा. आबांच्या तोंडात त्यांचं स्वतःचं काही उरलंच नव्हतं.

मागे रांगेत गावातल्या छबूबाई होत्या, नवऱ्याची पेन्शन घेणाऱ्या. "सायेब, अजून चार नावं घ्या की," त्या म्हणाल्या. "गुरुजी साऱ्या वर्गाची हजेरी देत्यात." दोघं-तिघं हसले. "मला लिवायला ह्यांनीच शिकवलं. माणूस त्योच हाय. कुठं सही करू सांगा. अंगठा न्हाय, सही."

अधिकाऱ्याने आधारकार्डावरचा फोटो पुन्हा बघितला. साक्षीदार म्हणून छबूबाईंची सही घेतली. आबांचा डावा अंगठा उमटवला.

आबांना शेजारच्या सारजाकाकूंकडे सोडून अनिता एसटीने इंदापूरला आली.

"झालं का काम?" साहेबांनी विचारलं.

"झालं. हयात आहेत."

तिने हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं आणि सकाळपासून थांबलेली फाइल उघडली.