केशरी अक्षरं

शिक्केवाल्यांच्या दुकानात सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला आणि नेहमीच्या ढगांऐवजी पडद्यावर त्यांचंच तोंड आलं. तेही दुप्पट रुंद, गाल दोन्ही कडांना टेकलेले. ते दचकले, मग हसले. हा उपद्व्याप लेकीचाच. संध्याकाळच्या बसने ती परगावी नोकरीला निघाली होती आणि जाता जाता बापाची खोडी काढल्याशिवाय ती कसली जाते!

दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागेना. डॉक्टरांच्या शिक्क्यावर त्यांनी चक्क वकिलांचं नाव टाकलं. शेवटी लवकरच आवरतं घेतलं, कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि तिला बसवर सोडायला जायचं म्हणून चपला पायात सरकवल्या.

त्या जुन्या यंत्राची एक रीत होती. आधी ते थांबायला सांगायचं, मग काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं यायची: आता बटण दाबायला हरकत नाही. एकदा घाईत अक्षरांआधीच बटण दाबलं, तर शिक्क्यांच्या सगळ्या आकृत्या पुसून गेल्या. तेव्हापासून शिक्केवाल्यांनी कानाला खडा लावला होता.

आज मात्र पडद्यावर लेक आली. निरोपाचा हात वर, तोंडभर हसू.

"बरं, बघितलं गं," ते म्हणाले. "आता अक्षरं येऊ दे."

अक्षरं येईनात. त्यांनी माउस हलवला, उगीचच पडदा पुसला. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"पडद्यावर काय दिसतंय, काका?"

"माझी मुलगी."

"दुकानात कोण आहे ते नाही विचारलं. पडद्यावर काय?"

"अरे, पडद्यावरच! टाटा करतेय. बंद करू का नको, तेवढं सांग."

"न बघता कसं सांगू? आकृत्या गेल्या तर मलाच बोल लावाल. थांबा, येतोच."

तो काही आला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केले. बटण दाबावं तर पोटावर पाय, यंत्र तसंच चालू टाकून जावं तर आकृत्यांचा भरवसा नाही, आणि थांबावं तर लेक निघून जाणार. दोनदा त्यांचं बोट बटणापाशी गेलं आणि दोनदा परत आलं. काय करावं सुचेना, आणि घड्याळाला तर आजच घाई झाली होती.

फोन वाजला.

"बाबा, केव्हाची लावतेय, लागतच नाही! सुटली बस. शेवटपर्यंत बसच्या दारात उभी होते मी."

"अगं, तुझ्या फोटोनंतर अक्षरंच येईनात..."

"बाबा, अक्षरांच्या जागीच टाकलाय तो फोटो. रोज दुकान बंद करताना मी दिसावी म्हणून. मी दिसले की बटण दाबायचं, एवढंच."

शिक्केवाल्यांना रडूच फुटलं. चिडावं तरी कुणावर, ते कळेना.

"आता दाबा आणि घरी जा, बाबा. आई एकटीच गेलीय."

"हो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग चपला काढून ते पडद्यासमोर बसले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि तिच्याकडे बघून हात हलवला. बटण काही त्यांच्याने दाबवेना.