सोमलाची पुडी

"येईल सोमल, पाक वारसिनो. पुढच्या आठवड्यात बघू," दुकानदार कोह लियोंग काउंटर पुसत म्हणाला. मागच्या आठवड्यातही तो हेच म्हणाला होता. जावातल्या सोलो शहरात 'नाही' हा शब्द कुणी कुणाच्या तोंडावर मारत नाही; शहाण्याने 'बघू'मधूनच काय ते समजायचं. वारसिनोचं सारं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे लोकांना 'बघू' म्हणण्यात गेलं होतं, तरी या वेळी त्याला समजून घ्यायचंच नव्हतं.

कारण शेजारच्या लास्त्रीबाईंना तो शब्द देऊन बसला होता. त्यांच्या दिवंगत नवऱ्याची क्रिस, पिढीजात नागमोडी कट्यार, पेटीत गंजून गेली होती. पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न, आणि ती नवरदेवाच्या कमरेला हवी. सुरो या जावानी महिन्यात घरोघरच्या क्रिसची पाती न्हाऊ घालणं हा वारसिनोचा निवृत्तीनंतरचा एकमेव छंद. लिंबू गंज काढतं, विषारी सोमल लोखंड काळं करतं, आणि त्या काळ्यावर सांडलेल्या तांदळांसारखी पांढरी नक्षी उमटते. त्याची सोमलाची जुनी बरणी मात्र घर शाकारताना फुटली होती.

सुरो संपत आला तसा तो पुन्हा दुकानात गेला. पूर्वी उंदरांसाठी म्हणून कुणीही पुडी न्यायचं, आताच एवढं काय झालं, असं त्याने जरा चिडूनच विचारलं. लियोंगने फडकं खाली ठेवलं.

"उंदरांसाठीच म्हणून नेली होती एकाने. बायकोला घातली. पोलिसांनी पुडी दाखवली, कागद आमच्याच दुकानाचा. आता वरून बंदी आली आहेच. पण उद्या उठली तरी मी विकणार नाही, पाक. तुमच्याकडे बघून द्यावीशी वाटते हो. त्याच्याकडे बघूनही वाटलं होतं."

वारसिनोला राग आला, पण तो काढायचा कुणावर? सुक्याबरोबर ओलंही जळतं, दुसरं काय. लियोंगचे डोळे भरलेले बघून तो उगाच दोन साबणवड्या घेऊन परतला.

त्याने लिंबू आणि रिठ्यांवरच भागवलं. गंज गेला, पण पातं टोकापासून मुठीपर्यंत नुसतं पांढरंफटक निघालं, नक्षीचा मागमूस नाही. लाजेने त्याचा जीव अर्धा झाला. तेल लावून ते तो लास्त्रीबाईंकडे घेऊन गेला.

"शब्द खाली पडला माझा, बू लास्त्री. नक्षी काही उठली नाही."

त्यांनी पातं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं, मग उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"केस पांढरे व्हायच्या आतच गेले हो हे," त्या म्हणाल्या. "आत्ता असते तर असेच दिसले असते."

मुलगा म्यान घेऊन शेजारी उभा होता. त्यांनी ते लवकर मागितलंच नाही.